एका छपराखाली दोन चुली

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे प्रमुख फोलोमोसाहेब, व्यासपीठावरचे इमामसाहेब, पाद्रीसाहेब, सत्कारमूर्ती मा कोर्पू झुबा, आणि पंख्याखाली जागा मिळालेल्या व न मिळालेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बायकांच्या शांतता-मंडळाची धुरा आज खाली ठेवून मा कोर्पू उद्या लेकीकडे मोनरोव्हियाला निघणार आहेत. निरोपाला गोड बोलावं, हे खरं. पण गेल्या आठवड्यात ट्रकतळावर लोर्मा आणि मंडिंगो जमातींच्या पोरांनी एकमेकांची डोकी फोडली. आज इथंही तुम्ही मधली वाट सोडून दोन बाजूंना बसला आहात. मग किती गोड बोलू?

लायबेरियातलं युद्ध संपलं असं रेडिओनं सांगितलं, म्हणून मी, वामुयान दोंझो, गिनीतल्या छावणीतून बायको आणि भावासह परतलो. आम्ही मंडिंगो. माझ्या घरात एक लोर्मा कुटुंब राहत होतं. आकोईचं, म्हणजे मा कोर्पूंच्याच मुलाचं. माझ्या भावाच्या हातात कोयता होता. आकोईही कोयता घेऊनच दारात आला.

"घर माझं आहे," मी म्हणालो.

"माझ्या बापाला मारलंत, तेव्हा नाही आठवलं घर?"

तेवढ्यात मा कोर्पू धापा टाकत आल्या आणि दोन कोयत्यांच्या मधे फतकल मारून बसल्या.

"आकोई, तुझ्या बापाला ह्यानं मारलं?"

"ह्याच्या लोकांनी मारलं!"

"मी ह्याचं विचारतेय."

"...नाही."

"मग घर सोड."

मला वाटलं, जिंकलो! तर त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू रे? ह्याच्या बाळंतिणीला भर पावसात कुठं हाकलतोस? भाताची कापणी होईस्तोवर मागची खोली दे."

दिली. करतो काय? एका छपराखाली दोन चुली पेटल्या. मी उशाशी कोयता ठेवून झोपायचो, भिंतीपलीकडे तोही. एकदा त्याचं बाळ तापानं फणफणलं. माझ्या बायकोनं कुणाला न विचारता ते उचललं, बाळंतिणीला सोबत घेतलं आणि दवाखाना गाठला. आकोई अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. बाळ बरं होऊन आलं. दुसऱ्या दिवशी आकोई भिंतीकडे बघत म्हणाला, "विटांचा साचा आहे का तुझ्याकडे?"

त्याच्या घराच्या विटा आम्ही मिळून पाडल्या. जिवलग झालो, असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या रांगेत बसलाय, विचारा त्याला.

आज सकाळी तो माझ्या दारात आला. "पोरं आज दुपारी पुन्हा ट्रकतळावर जमणार आहेत. तुमचीही, आमचीही. येतोस मधे बसायला?"

"मारतील रे आपल्याला."

"मारतील," तो म्हणाला. "आईला सांगू नकोस."

सांगून टाकलं बघा! मा, तुम्ही बसा. तुम्ही उठायचं नाही.

आयोजकांचे आणि सकाळपासून चुलीपुढे राबणाऱ्या भगिनींचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आकोई, ऊठ. मंडळी, जेवायला आमच्यासाठी थांबू नका. दोघांचा भात तेवढा झाकून ठेवा.