पडद्याची शिवण

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय नंबराची वाट बघत होत्या.

“खरं सांग वहिनी, जंगलातल्या त्या आलिशान लॉजचे एवढे पैसे वसूल झाले का?”

“झाले की, वन्सं.”

“दादाने असं काय पाहिलं तिथे? वाघ?”

“पडदा. खोलीत पाऊल टाकलं नाही तोच म्हणाले, याची शिवण उसवलीय. लगेच सुईदोरा मागवला.”

“म्हणजे शिंप्याला फिरायला नेलं, तर तिथेही शिवतच बसला. ते काय घरी होत नव्हतं?”

“घरी मशीन असतं ना. लग्न झाल्यापासून मी काही बोलले की त्या खडखडाटातून नुसता ‘हं’ ऐकू येतो. तिथे हातशिलाई. ना आवाज, ना गिऱ्हाईक. मी शेजारी पडद्याचं टोक धरून बसले.”

“मग?”

“मग काय, दिवे लागेपर्यंत गप्पा. तुम्ही यांच्या पाठीवर बसून शाळेत जायचात, हे मला तिथे कळलं.”

“अगंबाई, आठवतं त्याला?”

“सगळं आठवतं. पुढच्या वर्षीही तीच खोली घ्यायची म्हणतात.”

“पण आता पडदा तर शिवून झाला.”

“दुसऱ्या खिडकीचा निघताना मी उसवून ठेवलाय.”