जीभ फुकट आहे

सन्माननीय अध्यक्ष रॉस्को स्विंडेलसाहेब, व्यासपीठावरचे पाद्री टालमेज, सत्कारमूर्ती लोर्नाबाई पेल, आणि अग्निशमन दलाच्या या हॉलमध्ये चिखलाचे बूट दाराशी काढून बसलेल्या बंधुभगिनींनो,

एकतीस वर्षं आपल्या काउंटीच्या शेतीसल्लागार राहून बाई आज निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी कोणी येणार नाही, हे अध्यक्षांनी मघाशी फार गोड शब्दांत सांगितलं. त्यांना तरी काय बोलणार? सल्ला द्यायला शेतं उरली कुठे? खाडीचं खारं पाणी आत शिरलं, तिकडच्या बटाट्याच्या वावरांत लव्हाळं माजलंय, पाइनची झाडं उभ्या उभ्या वाळलीत. ज्यांना जमलं ते गेले.

चराचं पाणी पिकाला सोडण्याआधी खारं नाही ना, हे बोट बुडवून चाखायचं, ही आपली रीत. बाईंनी खारेपणा मोजायचं यंत्र आणलं, तेव्हा मीच म्हणालो होतो, "बाई, ही पेटी राहू द्या तुमच्याकडेच. माझी जीभ फुकट आहे." तुम्ही सगळे हसलात. आठवतंय ना?

तीन वर्षांपूर्वी पावसाने ओढ दिली. माझ्या बहिणीने, व्हर्नाने, विचारलं, "दादा, पाणी सोडू का सोयाबीनला?" मी चाखलं आणि म्हणालो, "सोड, गोड आहे." चौथ्या दिवशी पानं कडेने करपली. चाळीस एकर गेलं, आणि जमिनीत मीठ बसलं ते बसलंच. शरद ऋतूत व्हर्ना लेकीकडे आत डोंगराकडे निघून गेली. ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पानं करपली त्या दिवशी बाई माझ्या स्वयंपाकघरात आल्या, नळाच्या पाण्याचा एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"डेल्बर्ट, हे पाणी कधीपासून पिताय?"

"जन्मल्यापासून. आमच्याच विहिरीचं आहे."

"विहीर खारट झालीय हो तुमची. हळूहळू झाली, म्हणून कळलं नाही. चराचं पाणी तुम्हाला गोडच लागणार."

बाई, तुम्ही रोज साठ मैलांवरून यायच्या, म्हणून तुमची जीभ शाबूत राहिली. उद्यापासून आम्हाला कोण सांगणार?

आता आभार. कॉफी करणाऱ्या भगिनींचे, हॉल दिल्याबद्दल दलाचे, आणि बाईंचे, ते कोणत्या तोंडाने मानू? कॉफी इथल्याच विहिरीच्या पाण्याची आहे. आपण सगळ्यांनी दोन-दोन कप घेतले, कोणी तोंड वाकडं केलं नाही. बाईंचा कप मात्र अजून भरलेला आहे, मी इथून पाहतोय.

बाई, आमच्या पाहुणचारात काही चुकलं असेल तर क्षमा करा. आम्हाला ते कळलेलं नाही.