तो वाडगा पल्लवीचा हाय

आमचं घर कुंभाराचं, पावणं. शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत आजा चाकावर बसला, बाप बसला, मग मी बसलो. बारका हुतो तवा शाळेतनं आलं की दप्तर टाकायचं आन् माती तुडवायला उभं राहायचं, कळंब्याकडनं माती यायची, त्यातला चुन्याचा खडा डोळ्याला दिसत न्हाय, पायाला कळतोय, आन् एक जरी राहिला तर भांडं भाजून चांगलं दिसतंय, मग चार दिवसांनी आपलं आपण तडकतंय. तसं झालं की बाप पहिल्यांदा माझ्या पायाकडं बघायचा.

आमच्यात एक रीत हाय. बायकांनी माती मळायची, चुली घालायच्या, बेंदराच्या सणाला मातीचे बैल करायचे, भांडी भाजायचा आवा रचायचा, जोतिबाच्या यात्रेला पाट्या डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा, सगळं करायचं, पण चाकाला हात लावायचा न्हाय. लावला तर चाक बाटतं म्हणे. माझी आई उभा जन्म त्या चाकाशेजारनं गेली पण पदर लागू दिला न्हाय तिनं. का, म्हणून मी कधी इचारलं न्हाय. सोयीचं हुतं की मला.

आता हाताचं काय सांगू तुम्हाला, उजवा अंगठा धरतोय, सकाळी कपसुद्धा उचलत न्हाय. गल्लीतली पोरं बाहेरनं साचे आणून गणपती ओतत्यात, चाक एकट्या माझ्या दारात. आन् माणसं येत्यात की, येत न्हायत असं न्हाय. वा वा करत्यात, काका जरा चाक फिरवा, व्हिडिओ काढतो, हातची कला जगली पाहिजे म्हणत्यात, माठ वाजवून बघत्यात आन् तसाच खाली ठेवून जात्यात. जगली पाहिजे, पण कुणाच्या घरात, ते काय कुणी सांगत न्हाय.

त्यातनं एक मॅडम आलत्या. बंगल्यातच त्यांचा मातीकामाचा क्लास, लाइटवर चालणारी चाकं, लाइटचीच भट्टी. म्हणाल्या, सदाकाका, रविवारी येऊन शिकवाल का. गेलो. डॉक्टरीणबाई आल्या, कॉलेजच्या पोरी आल्या, बँकेतल्या एक ताई आल्या, सगळ्या बायकाच. माती चाकाच्या मधोमध बसली न्हाय तर भांडं थरथरतंय, ते तोंडानं शिकवता येत न्हाय, शिकणाऱ्याच्या हातावर आपला हात ठेवून दाबावं लागतंय. मी ठेवला. शाब्बास ताई म्हणलो, जमतंय की म्हणलो. चाक काय बाटलं न्हाय.

आन् घरात माझी पल्लवी. बी.कॉम. करून एका दुकानात बिलं करती. बेंदराचे बैल तिच्यासारखे गल्लीत कुणाला येत न्हायत, मान अशी वळवती की वाटावं आता शिंग मारतोय. ती गेली दोन वर्षं मागं लागलेली, पप्पा, मला चाक शिकवा. मी म्हणायचो, आज्जीला इचार. आज्जी म्हणायची, मी मेल्यावर काय करायचं ते करा. पल्लवी म्हणली, पप्पा, लोकांच्या पोरींनी चाक बाटत न्हाय व्हय? मी म्हणलो, ते लाइटचं चाक हाय. काय हे उत्तर झालं का, पावणं? पण दिलं मी.

मग एका रविवारी क्लासात गेलो तर कोपऱ्यातल्या चाकावर पल्लवी, अंगात एप्रन. मॅडम म्हणाल्या, तुमचीच मुलगी ना काका, आधी बोलला नाहीत. मी सगळ्यांच्या हातावर हात ठेवत ठेवत आलो आन् तिच्यापाशी थांबलो. हात पुढं जाईना. आईच उभी हाय दारात असं वाटाय लागलं. पल्लवी वर बघून म्हणली, राहू दे सर, तुम्ही त्यास्नी शिकवा. सर म्हणली मला. आन् बघून बघून शिकली, माती किती वेळा उडाली, परत धरली.

तिचा पहिला चांगला वाडगा भाजून निघाला तो मी पिशवीत घालून घरी आणला, तिनंच दिला, आज्जीला दाखवा म्हणली. आईनं घेतला, बोटाच्या पेरानं टकटक केलं, कानाशी धरला, कडेवरनं अंगठा फिरवला आन् म्हणली, सदा, लई दिसांनी हात लागला रं तुझा, तुझ्या बापासारखा.

पल्लवी सैपाकघराच्या दारात उभी. मला नुसतं म्हणायचं हुतं, आई, ह्यो तुझ्या नातीचा हाय. एवढंच. आन् मी म्हणलो, व्हय.

पल्लवी आत गेली. पण आता बेंदूर तोंडावर आलाय, ओळखीची माणसं बैलासाठी इचारून जात्यात, आन् ती मातीला हात लावंना. म्हणती, चाकाला चालत न्हाय तो हात बैलाला तरी कशाला लावायचा. आई माझ्यावर ओरडती, पोरीला काय झालंय बघ की. काय झालंय ते मला ठाऊक, तिला ठाऊक, आन् म्हातारी त्याच वाडग्यात रोज ताक पिती. दर घोटाला माझं नाव घेती.

रविवारी पोरगी क्लासला येती मात्र. देव तिच्या हाताला बरकत देवो, माझ्यानं तर काय झालं न्हाय.

तुम्ही हे लिवून घ्या. वाडगा पल्लवीचा हाय, असं स्पष्ट लिवा, माझं नाव घालून लिवा. छापून आलं की एक प्रत घरी द्या, आईच्या हातात ठेवतो.

पण तिला कुठं वाचाय येतंय. वाचून दाखवायला मलाच बसावं लागणार.