खोपडे सर पाण्यात उतरले

मंडळी, ऐका. आज देवाच्या दारात बसून एकच प्रश्न विचारतो. शिकवणं अवघड, की शिकणं?

पुढे बसलेली आजोबामंडळी हसताहेत. यात काय अवघड, आम्ही जन्मभर शिकवतच आलोय! खरंय. सुनेला शिकवलं, शेजाऱ्याला शिकवलं, टीव्हीतल्या बॅट्समनला तर रोज शिकवता. मग आता सोपानराव खोपड्यांची गोष्ट ऐका, आणि उत्तर तुम्हीच द्या.

थोरांना ते माहीत आहेत, धाकट्यांसाठी सांगतो. खोपडे सर म्हणजे आपल्या हायस्कुलातले खेळाचे मास्तर. ताडमाड उंची, खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी. या गावात खो-खो आणला तो त्यांनी. आणि शिकवला कुणाला? मुलींना! पोरगी अंगणाबाहेर पळाली तर घरात कालवा व्हायचा, असे ते दिवस. सर एकेका घरी जाऊन ओट्यावर बसायचे. बाप म्हणायचा, "सर, लोक काय म्हणतील?" सर म्हणायचे, "लोक टाळ्या वाजवतील. जरा धीर धरा." पुढे जिल्ह्याचा कप आला आणि टाळ्या वाजवताना तेच बाप सगळ्यात पुढे!

रविवार उजाडला की सर डोंगरात. पाठीला पिशवी, मागे पोरापोरींची रांग. निसरड्यावर पाय कसा टाकायचा, कुठला झरा पिण्याजोगा, धाप लागली तर श्वास कसा घ्यायचा — सगळं चालता चालता शिकवायचे. पण वाटेत ओढा आला, की सर रांग वळवून लांबच्या साकवावरून न्यायचे. "पायांना व्यायाम," म्हणायचे. नदीवर मुक्काम पडला तरी पोरं डुंबायची आणि सर काठावर तांब्या घेऊन अंघोळ करायचे. असं का बरं?

पेटीवाले, जरा हळू.

सर विशीत असताना धाकटा भाऊ दत्तू त्यांच्यासोबत डोंगरावरून परतत होता. वर कुठेतरी पाऊस झालेला. ओढ्यात दत्तूचा पाय सुटला. सरांना पोहता येत नव्हतं. ते काठाकाठानं धावले — मंडळी, पळण्यात तालुक्यात त्यांना जोड नव्हती — पण पाणी पुढे निघून गेलं. हे त्यांनी फक्त बायकोला, अनसूयाकाकूंना, सांगितलं होतं. बाकी कुणाला नाही.

वर्षं गेली. सर निवृत्त झाले, डोंगर मात्र सुटला नाही. पण पंचाहत्तरीला गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, "सर, आता चढउतार बंद. पोहायला जात जा." सर म्हणाले, "दुसरं काहीतरी सांगा." दुसरं काही नव्हतं. मग सर ओसरीवर बसले ते बसलेच. चहा गार, भाजी खारट, पेपर उशिरा. खाली मैदानात पोरं ओरडली तरी मान वळवेनात. काकूंना कळत होतं, हा माणूस आतून विझत चाललाय.

मे महिन्यात तारा भोई माहेरी आली. सरांच्या पहिल्या मुलींच्या संघातली ही तारा. बाप मासे धरायचा, त्यामुळे पोरगी पाण्यातच वाढलेली. आता साताऱ्यात पोहायला शिकवते. पाया पडली आणि म्हणाली, "सर, उद्या सकाळी नदीच्या घाटावर या."

"तारे, पाण्याचं सोडून काहीही बोल."

तिनं वाद घातला नाही. "मी वाट बघते," एवढंच म्हणून गेली. काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "इतक्या पोरींना मैदानात उतरवलंत. त्यांना भीती वाटत नव्हती का?"

"वाटायची."

"मग काय करायचात?"

सरांनी पेपर तोंडापुढे धरला. पण सकाळी घाटावर गेले.

मंडळी, डोळ्यांसमोर आणा. धुणं धुणाऱ्या बाया बाजूला सरल्या. पलीकडे पोरं उड्या मारताहेत. त्या पोरांचे बाप सरांच्या हाताखालून गेलेले. आणि सर कंबरभर पाण्यात पायरीचा दगड घट्ट धरून उभे. एक पोरगं फिसकन हसलं. सर गर्रकन वळले, बाहेर आले, टॉवेल उचलला आणि घरी.

लाज फार वाईट. भीतीवर माणूस एखाद वेळ मात करतो, पण चारचौघांतल्या हसण्यापुढे हार मानतो. दुसऱ्या दिवशी सर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंनी उठून पाहिलं, तर खुंटीवर टॉवेल नव्हता.

घाटावर सरांनी ताराला दत्तूची सगळी हकिकत सांगितली. काकूंनंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सर, उताणे व्हा. मानेखाली माझा हात आहे."

"कधी सोडशील?"

"तुम्ही सांगाल तेव्हा."

आणि तिनं शब्द पाळला. रोज सकाळी हात तिथंच. सर अंग ताठ करायचे, नाकातोंडात पाणी जायचं, खोकायचे, पुन्हा उताणे व्हायचे. तिनं घाई केली नाही. मग एका सकाळी सर बराच वेळ आभाळाकडे बघत पडून होते. शांतपणे म्हणाले, "तारे, सोड आता."

तिनं हात काढला. सर तरंगत राहिले. कानात पाणी, डोळ्यांपुढे मोकळं आभाळ. डोळ्यांतून वाहत होतं ते नदीचं की त्यांचं, हे ताराला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

पुढे गुरुपौर्णिमा आली. जुने विद्यार्थी पाया पडायला सरांच्या ओसरीवर रांगेत. ताराची पाळी आली. ती वाकायच्या आत सर खुर्चीतून उठले आणि ते दुखरे गुडघे वाकवून तिच्या पायांशी हात नेला. तारा मागं सरली. सर म्हणाले, "थांब. मी तुझा विद्यार्थी आहे."

पंधरा वर्षं त्यांना पाण्याचं सुख लाभलं, मंडळी. हसलेल्या त्या पोरालाही सरांनीच पुढे सूर मारायला लावला. गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी पोहून आले, चहा घेतला, काकूंना म्हणाले, "पाणी गार होतं, पण बरं वाटलं." आडवे झाले आणि झोपेतच गेले. चेहऱ्यावर ओढाताण नव्हती.

आता द्या उत्तर. शिकणं, म्हणता? बरं, मीच विचारतो. नातीनं मोबाइल हातात घेऊन "आजोबा, असं करा" म्हटलं, की चिडतं कोण? सुनेनं नवी रीत दाखवली, की तोंड फिरवतं कोण? देव वडीलधाऱ्याच्याच तोंडून बोलतो, असं आपलं आपणच ठरवून टाकलंय!

उद्या सकाळी एवढंच करा. घरातल्या सगळ्यात धाकट्या माणसाजवळ बसा आणि म्हणा, "मला हे येत नाही, शिकवशील?" जीभ जड होईल, होऊ दे. तरीही म्हणालात, तर आजची सेवा पांडुरंगापर्यंत पोचली असं मी समजेन.