बोट अजून सुटायचंय

जमलेल्या दादांनो, बायांनो, डॉक्टर मॅडमच्या घरच्यांनो. मला सभेत बोलायची सवय न्हाई. माईक तुमीच धरा, माझ्या हातात देऊ नका. हाताचं सांगतेच.

मी रुक्मिण, ताडकळसकडची. आमच्या मेंढ्या हायत. कडबा कापायच्या मशीनमधी माझ्या मधल्या बोटाचं टोक गेलं. आमच्या मालकानं लोकर जाळली आन् तिची राख जखमेत दाबून भरली. आमच्यात तेच करत्यात. मग गाडीवर घालून परभणीला आणलं. मॅडमनं सगळी राख धुतली, मालकाकडं बघितलं आन् म्हणल्या, "दादा, लोकर मेंढीच्या अंगावरच चांगली दिसते." मालकाची मान खाली. मला तशा दुखण्यात बी हसू आलं.

पर खाली हाड दिसायलं होतं. मी म्हणलं, "बोट कापता का वो?" तर म्हणल्या, "कापायचं असतं तर एवढी राख कशाला धुतली असती?"

त्यांनी तळहाताची कातडी एका बाजूनं उचलली. पार तोडली न्हाई. बोट वाकवून तिच्याखाली शिवलं. म्हणल्या, "आता तळहाताचं रक्त बोटाला मिळेल. नवी कातडी धरली की मी बोट सोडवीन. तोवर काही झालं तरी ओढायचं नाही, रुक्मिण."

हे बघा. अजून शिवलेलंच हाय. उद्या सोडवायचं होतं. आन् परवा मॅडमच गेल्या. बसल्या बसल्या छातीत दुखलं म्हणे. असं कसं वो?

बातमी आली तशी मी ऊर बडवायला दोन्ही हात उचलले. बोटाला हिसका बसला. टाक्यापाशी रगत आलं. तवा त्यांचंच बोलणं आठवलं, ओढायचं नाही. मग हात पोटाशी धरला आन् तशीच रडले. माय, माणसासाठी रडावं का बोटासाठी भ्यावं? मला दोन्ही एकदमच व्हायलंय. मला त्याची लाज बी वाटायलीय.

हे धाकटे डॉक्टर हितं बसल्यात. सकाळी त्यांनी पट्टी सोडून बघितली. "रंग चांगला आहे, कातडी धरलीय. उद्या मी सोडवतो," म्हणले. मी इचारलं, "दादा, तुमी आधी केलंय का?" म्हणले, "केलंय. पण मॅडम बाजूला उभ्या असायच्या." खरं बोलले म्हून बरं वाटलं. पर भेव काय गेलं न्हाई. उद्या बाजूला कोण उभं राहणार?

डॉक्टर दादा, तुमचा बी चेहरा उतरलाय. उद्या घाई करू नका, एवढंच.

आता समदे उभे राहा. जरा येळ गप राहू. तुमी हात जोडा. माझे जुळत न्हाईत, मी नुसती मान वाकवते.

मॅडम, मी लय भेलेय. पर ओढणार न्हाई.