हिरव्या झेंड्याची पलटण

जमालपूरच्या रेल्वे हॉस्पिटलात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आम्ही सगळे ताटकळत बसलो होतो. माझ्या पुढच्या बाकावर निवृत्त इंजिन ड्रायव्हर मर्विन लँबर्ट आणि त्याची बायको थेल्मा.

"घाबरलास ना?"

"मी? माझे आजोबा इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या स्वयंसेवक पलटणीत होते, बाई!"

"स्वयंसेवक कसले! नाव घातलं नाही तर बढती मिळत नव्हती."

"परेड तर केली ना?"

"केली की! ‘चला पुढे’ ओरडून कप्तानाचा घसा बसला, तरी आजोबा जागचे हलेनात."

"ड्रायव्हर माणूस. गार्डाचा हिरवा झेंडा दिसल्याशिवाय कसा हलेल?"

"हातात बंदूक होती रे, इंजिन नव्हतं!"

"शेवटी मागच्या रांगेतल्या गार्डाने हिरवा रुमाल हलवला, तेव्हा निघाले."

"आणि निघताना तोंडाने शिट्टी मारली, तेही सांग."

"मारावीच लागते."

तेवढ्यात नर्सने हाक मारली, "मिस्टर लँबर्ट!"

"जा आता. अरे, ऊठ की!"

"थेल्मा, तू इथेच थांबशील ना?"

"गाडी सोडून गार्ड कुठे जाणार?"

"मग रुमाल हलव."

"माझा लाल आहे."

"हलव गं. मला कुठे रंग दिसतोय!"

तिने रुमाल हलवला. मर्विनने बारीकशी शिट्टी मारली आणि तो निघाला.