छातीतल्या शिट्ट्या

"कुणाला पटायचं नाही, पण क्षय झाला तेव्हा माझ्या छातीतल्या शिट्ट्या मी या कानांनी ऐकल्यात," क्षयाच्या दवाखान्यात तपासणीला आलेले रखवालदार आजोबा बाकावरून म्हणाले.

शेजारी बसलेली शिलाईवाली औषधांच्या खिडकीत एवढंच सांगायला आली होती, की ताप गेला, क्षयाच्या गोळ्यांनी मळमळतं, आता त्या बंद.

"कसल्या शिट्ट्या, आजोबा?" तिनं त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"जंतू शिरला की पेशी रसायन सोडतात, तीच शिट्टी. ती ऐकून बाकीच्या पेशी धावतात, जंतूभोवती कडं करतात. शिट्ट्या अती झाल्या की ताप चढतो, माणूस वाळतो."

"माझा ताप तर उतरला."

"शिट्ट्या कमी झाल्या, पोरी. चोर कोंडलाय, मेलेला नाही. त्याला मारायचं काम गोळ्यांचं. पहारा ढिला पडला की तो कडं फोडतो."

"तुम्ही सगळ्या घेतल्यात?"

"शेवटच्या गोळीपर्यंत. शेवटची शिट्टी तर मुंगीच्या शिंकेएवढी, तीही ऐकली."

खिडकीतून सिस्टरनं आजोबांना हाक मारली. मग आणखी मोठ्यानं. आजोबा ढिम्म.

शिलाईवाली उठून खिडकीशी गेली.

"सिस्टर, माझ्या गोळ्या द्या, आणि मळमळीवरही काहीतरी द्या. आजोबांना हात लावून उठवा. त्यांना मुंगीची शिंक ऐकू येते, तुमची हाक नाही."